दवाखाना उंबरठ्याशी येतो

अणदूरच्या खंडोबाचे एक नवल आहे. मूर्ती एक आणि देवळे दोन! वर्षातले सव्वादहा महिने देव अणदूरला राहतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गाजवळच्या मैलारपूरला. मुक्काम हलवायची वेळ आली की दोन्ही गावचे मानकरी एकत्र बसतात, लेखी करार होतो आणि मग देव वाजतगाजत आपल्या दुसऱ्या घरी निघतो. भक्तांनीच देवाकडे जायचे असा जगाचा रिवाज. इथे देवच भक्तांकडे जातो.

सोलापुराहून हैदराबादच्या रस्त्याला लागले की तास-सव्वा तासात नळदुर्गाचा किल्ला मागे पडतो आणि अणदूर येते. तालुका तुळजापूर, जिल्हा धाराशिव. २०२३ पर्यंत कागदोपत्री याच जिल्ह्याचे नाव उस्मानाबाद होते. पाऊस बेताचा, जमीन कुठे काळी, कुठे मुरमाड. तूर, सोयाबीन, ज्वारी ही पिके आणि दारात बांधलेली उस्मानाबादी शेळी ही गरिबाची बँक. दिवाळी झाली की कित्येक घरांना कुलपे लागतात आणि माणसे ऊसतोडीला बाहेरगावी जातात. केंद्र सरकारने २०१८ साली देशातल्या मागे राहिलेल्या जिल्ह्यांची यादी केली, तीत महाराष्ट्राचे चार जिल्हे होते. त्या चारांत हा एक.

अशा या गावी नव्वदच्या दशकाच्या प्रारंभी एक डॉक्टर दांपत्य येऊन राहिले. त्यांनी दवाखाना तर काढलाच, पण अणदूरच्या खंडोबासारखा त्यालाही चालायला शिकवले. त्या दवाखान्याची आणि त्याच्या मागच्या विचाराची ही हकीकत आहे.

पदवी घेतली, आता पुढे?

या कथेचा आरंभ अणदूरला नाही, तेव्हाच्या औरंगाबादला आहे. तिथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात ऐंशीच्या दशकात काही विद्यार्थ्यांनी एक मंडळ काढले होते. आरोग्य आणि आपले आपण शिकणे, असा त्याचा दुहेरी हेतू. इंग्रजी नावाची आद्याक्षरे जोडून त्याचे नाव झाले ‘हॅलो’. टेलिफोन उचलताच आपण जो शब्द बोलतो तोच!

डॉक्टर होण्यासाठी सरकार आपल्यावर जो खर्च करते तो कोणाच्या पैशातून, आणि ते ज्ञान आपण कोणाला विकणार, असे प्रश्न त्या वयात पुष्कळांना पडतात. पदवीचा कागद हाती आला की बहुतेकांचे प्रश्न संपतात. काहींचे मात्र संपत नाहीत. डॉ. शशिकांत अहंकारी आणि डॉ. शुभांगी अहंकारी हे त्या न संपणाऱ्यांपैकी. ‘हॅलो मेडिकल फाउंडेशन’ ही संस्था त्यांनी अणदूरला उभी केली. जानकी रुग्णालय सुरू झाले. बाळंतपणे होऊ लागली, सलाइनच्या बाटल्या टांगल्या जाऊ लागल्या, रुग्णांची रीघ लागली.

दुसरा कोणी असता तर इथेच समाधान मानून थांबला असता. पण दवाखान्याच्या दारात बसलेल्या माणसाला एक गोष्ट दिसत राहते. येणारा रोगी उशिरा येतो. आधी घरचा काढा, मग अंगारा, मग कोणाच्या तरी सांगण्यावरून एखादे इंजेक्शन, मग सावकाराकडून उसने आणि सर्वांत शेवटी डॉक्टर. तोवर हगवण लागलेले लेकरू सुकून गेलेले असते. हुशार डॉक्टरही अशा वेळी काय करणार? रोग गावात सुरू होतो आणि उपाय दहा कोसांवर बसलेला असतो, हे खरे दुखणे आहे.

यावर अणदूरने जो उपाय काढला त्याचे नाव ‘भारतवैद्य’. खेड्यातलीच एक बाई निवडायची, तिला शिकवायचे आणि तिच्या हाती औषधांची छोटी पेटी द्यायची. ताप, खोकला, हगवण, लहानसहान जखमा तिने गावातच पाहायच्या. गरोदर बाईवर, ओल्या बाळंतिणीवर आणि नवजात मुलावर लक्ष ठेवायचे. आणि आपल्या आवाक्याबाहेरचे दुखणे वेळेवर ओळखून पुढे पाठवायचे. या बायकांपैकी कित्येकींचे शिक्षण चार बुके. काहींचा उंबरठ्याबाहेरचा वावर पाणवठ्यापुरता. त्यांच्या गळ्यात ज्ञानाची ही जबाबदारी घालायची हे धाडसच म्हटले पाहिजे.

नीम हकीम?

शहरातल्या सुशिक्षित मंडळींपाशी हा विषय काढला की ठरलेला प्रश्न येतो. “अहो, पण हे अर्धवट डॉक्टर तयार करणे नव्हे का? नीम हकीम खतरे जान!” शंका रास्त आहे, तिला उत्तर दिलेच पाहिजे.

खेड्यात मुले कशाने मरत आली, ते आधी पाहू. हगवण, न्यूमोनिया आणि जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातली दुखणी, हे मोठे वाटेकरी. हगवणीत मूल मरते ते बहुधा अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्याने. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे त्यावरचे घरगुती पाणी. ते वेळेवर पाजायला पदवी लागत नाही. न्यूमोनिया ओळखायला पहिल्या पायरीवर एक्स-रे लागत नाही, सेकंदकाटा असलेले घड्याळ लागते. दोन महिन्यांच्या आतले मूल मिनिटाला साठ किंवा अधिक श्वास घेत असेल तर धोका समजावा. दोन महिने ते वर्षाच्या आतल्या मुलाला ही मर्यादा पन्नासाची आणि पुढे पाच वर्षांपर्यंत चाळिसाची. ज्या बाईला पैशांचा हिशेब येतो तिला श्वासही मोजता येतात.

म्हणजे लागणारे ज्ञान थोडे आहे, पण ते लागते तातडीने आणि अगदी खाटेपाशी. नीम हकीम तो, ज्याला आपली सीमा ठाऊक नसते. या बाईच्या शिक्षणातला मोठा भागच मुळी आपली सीमा ओळखण्याचा असतो.

हे नुसते बोलणे नाही. गडचिरोलीला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत हाच विचार मोजूनमापून पाहिला. गावातल्या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले. तिथे जन्मलेल्या दर हजार बाळांमागे पहिल्या महिन्यात दगावणारी बाळे ६२ होती; काम सुरू झाल्यानंतर तिसऱ्या वर्षी तो आकडा सुमारे २५ वर आला. ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकात १९९९ साली हे निष्कर्ष छापून आले. पुढे हीच पद्धत ‘अंकुर’ या नावाने महाराष्ट्रातल्या सात संस्थांनी आपापल्या भागात राबवली. त्यांत अणदूरची ‘हॅलो’ होती. गडचिरोलीच्या रानातले ज्ञान असे मराठवाड्याच्या माळावर येऊन पोचले.

सातव्या दिवसाचे वजन

पुढे २००५ साली सरकारने राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू केले आणि साधारण हजार वस्तीमागे एक ‘आशा’ नेमली. भारतवैद्यांसारख्या प्रयोगांतून जे सिद्ध झाले होते त्याला असे देशभरचे रूप आले. गेल्या पावसाळ्यात या भागातल्या एका खेड्यात अशाच एका आशाताईंबरोबर मी एका घरी गेले. काम कसे चालते ते डोळ्यांनी पाहावे, एवढाच हेतू.

घरात सात दिवसांची बाळंतीण. खोली अंधारी, कोपऱ्यात शेकशेगडी. आशाताईंनी पिशवी ठेवली, आधी साबणाने कोपरापर्यंत हात धुतले आणि ते हवेत वाळवले. मग बाळाला झोळीत घालून काट्याला टांगले. दोन किलो तीनशे ग्रॅम. अडीच किलोच्या आत, म्हणजे जपायला हवे. घड्याळ समोर धरून त्यांनी बाळाच्या पोटाकडे टक लावली. मिनिटभर घरात कोणी बोलेना. “शेहेचाळीस,” त्या म्हणाल्या आणि वहीत आकडा मांडला. मग पायांना हात लावून ऊब पाहिली, नाळ पाहिली, बाळ पदराखाली कसे धरले जाते ते पाहिले.

इतक्यात आजीबाई मधाची बाटली घेऊन आल्या. “जरासं बोटावर चाटवते. आमच्या वेळंला समद्यांना चाटवलंय. मेलं का कुनी?”

मला वाटले, आता वाद होणार. आशाताई हसल्या. “आजी, तुमी आठ बाळंतपणं केलीत. तुमच्याम्होरं मी काय बोलू? पर मला एक सांगा, आठांतली किती हायत?”

आजीबाई गप्प झाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “पाच.”

“मग ह्ये सहावं समजा. सहा महिने निस्तं आईचं दूध. मध तुमी खावा, गुडघं दुखत्यात न्हवं?”

आजीबाईंनी बाटली फडताळात ठेवली. निघताना मी आशाताईंना विचारले, “पाचवीची पूजा झालेली दिसते. तुम्ही त्याला काही म्हटलं नाही?” त्यांनी दिलेले उत्तर मी तिथेच टिपून घेतले. “बाई, सटवाई पाचव्या रात्री कपाळावर ल्हिती, मी सातव्या दिवशी वहीत ल्हिते. तिचं तिच्याजवळ, माझं माझ्याजवळ. पूजा केल्यानं लेकराचं काय बिघडतंय? अंधारात कोंडल्यानं आन् पारोशा हातानं धरल्यानं बिघडतंय. तेवढंच बोलायचं.”

बाळ रुग्णालयात जन्मले असले तरी आशाताईंना सहा वेळा त्याच्या घरी जावे लागते. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. पाऊस असो, चिखल असो, घरात स्वतःचा पाहुणा असो.

आरोग्य केंद्राचे ध्येय म्हणून भिंतीवर लावलेल्या पाट्या मी पुष्कळ वाचल्या आहेत. सेवा, समता, करुणा असे मोठमोठे शब्द त्यांवर असतात. त्या शब्दांचा अर्थ मला त्या अंधाऱ्या खोलीत समजला. समता म्हणजे आजीबाईंच्या अनुभवाला मान देऊन आपले म्हणणे सांगणे. करुणा म्हणजे बोलण्याआधी हात धुणे. आणि सेवा म्हणजे बेचाळिसाव्या दिवशीही न चुकता जाणे.

परंड्याच्या शेजारी पेटलेला दिवा

हा विचार अणदूरलाच प्रथम सुचला असे नाही. धाराशिव जिल्ह्याच्या परंडा-भूम या तालुक्यांना लागून, आज अहिल्यानगर म्हणतात त्या जिल्ह्यात, जामखेड आहे. तिथे डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केले. वेल्लोरला शिकलेली, अमेरिकेत पुढचे शिक्षण घेतलेली ही दोघे. त्यांनी खेड्यातल्या बायकांना हाताशी धरले. पुष्कळशा दलित, निरक्षर, काही नवऱ्याने टाकलेल्या. ज्यांच्या हातचे पाणी गाव घेत नव्हते त्यांच्या हातून गाव औषध घेऊ लागले! हा बदल औषधाहून मोठा होता. कामाच्या प्रारंभी त्या भागात हजारी १७६ बालके वर्षाच्या आत दगावत. पुढच्या पंचवीसएक वर्षांत तो आकडा पंचविशीच्या आसपास आला. या दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

जामखेडच्या मुक्ताबाई पोळ या आरोग्य कार्यकर्तीची एक आठवण प्रसिद्ध आहे. १९८८ साली वॉशिंग्टनला भरलेल्या परिषदेत त्यांना बोलायला बोलावले होते. सभागृहातली झगमगती झुंबरे दाखवून त्या म्हणाल्या, ती सुंदर आहेत खरी, पण महाग आहेत आणि फार उंच टांगलेली आहेत. माझी पणती लहान आहे, पण तिच्यावर दुसरी पणती लावता येते. मोठमोठे तज्ज्ञ उठून उभे राहिले म्हणतात. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आपण एका पणतीवर दुसरी लावतो, तेव्हा हे बोल मनात येण्याजोगे आहेत.

झुंबरे नकोत असे मात्र कोणी म्हणत नाही. अडलेल्या बाईला शस्त्रक्रिया लागते, रक्त लागते, भूलतज्ज्ञ लागतो. सरकारी मोजमापाप्रमाणे सपाटीच्या मुलखात पाच हजार वस्तीला एक उपकेंद्र, तीस हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि सव्वा लाखाच्या आसपास वस्तीला तीस खाटांचे एक मोठे रुग्णालय असावे. ते आपल्याकडे ग्रामीण रुग्णालय म्हणून ओळखले जाते. या साखळीची कल्पना स्वातंत्र्याच्या आधी, १९४६ साली भोर समितीने मांडली होती. साखळी कागदावर पक्की आहे. वरच्या कड्या मात्र रिकाम्या. २०२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार देशातल्या खेड्यांसाठीच्या या मोठ्या केंद्रांत जितके तज्ज्ञ हवेत त्यांतले पाचांपैकी जवळजवळ चार नाहीतच. पणतीने वाट दाखवावी आणि वाटेच्या टोकाला दार बंद असावे, हे बरे नव्हे.

या जिल्ह्याने एक पहाट अशी पाहिली आहे की जिने हा धडा कायमचा शिकवला. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे सुमारे चार. आदल्याच दिवशी गणपती बोळवून माणसे निजली होती. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांतली गावेच्या गावे क्षणात दगडमातीखाली गेली. आठ हजारांच्या आसपास माणसे दगावली. बाहेरची मदत आली, जगभरातून आली, पण पहिल्या तासांत शेजाऱ्याला शेजाऱ्यानेच उकरून काढले. पहिल्या तासाचा डॉक्टर नेहमी शेजारीच असतो. तो शहाणा असला तर जीव वाचतो. भूकंपात पार कोसळलेल्या सास्तूरला पुढे ‘स्पर्श’ नावाचे रुग्णालय उभे राहिले आणि ते ग्रामीण रुग्णालयाचे काम पाहू लागले. एवढ्या मोठ्या दुःखातून जिल्ह्याला झालेला तो एक लाभ.

कमी लागणारा डॉक्टर

अणदूर, जामखेड, गडचिरोली या तिन्ही ठिकाणी एकच सूत्र दिसते. इतर धंद्यांत गिऱ्हाईक पुन्हा यावे म्हणून खटपट असते. या डॉक्टरांची खटपट उलटी. रोग्याने पुन्हा यावे लागू नये म्हणून. आपल्याकडचे ज्ञान दुसऱ्याला देऊन टाकले की आपली गरज कमी होते. ती कमी व्हावी अशी मनापासून इच्छा धरणे ही साधी गोष्ट नाही. वकील, मास्तर, वैद्य, पुरोहित, आपण सारेच आपल्या विद्येभोवती कुंपण घालून बसलेलो असतो.

आणि या सूत्राला फळ आलेले आहे. भारतात १९७१ साली जन्मलेल्या हजार मुलांपैकी १२९ पहिला वाढदिवस पाहत नव्हती. २०२० साली हा आकडा २८ होता आणि महाराष्ट्राचा १६. लसी आल्या, रस्ते आले, बायका शिकल्या, रुग्णालयात बाळंतपणे होऊ लागली, हे सारे त्यात आहे. पण लसीच्या दिवशी घरोघर जाऊन पोर उचलून आणणारी आणि अडलेल्या बाईबरोबर रात्री गाडीत बसणारी ती एक बाईही त्यात आहे.

मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाखांहून अधिक आशांचा गौरव केला. गौरव झाला, पण सरकारदप्तरी ही बाई नोकर नाही, स्वयंसेविका आहे. तिला पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला आहे. तो वेळेवर मिळावा म्हणून महाराष्ट्रातल्या आशांना संपावर जावे लागले, आझाद मैदानावर बसावे लागले. तेव्हा आपण वर्तमानपत्राचे पान उलटले. ज्ञान वाटून घ्यायचे आणि ज्ञान वाहणारीला मात्र धर्मादाय समजायचे, हा व्यवहार कोणत्या मूल्यांत बसतो?

शहरातल्या आपल्या घरांतूनही या प्रश्नाशी नाते आहे. आपल्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाईंची सून गावी बाळंत होणार असते. इमारतीच्या कामावरचे मजूर याच दुष्काळी तालुक्यांतून आलेले असतात. त्या सुनेच्या गावी आशा आहे का, ती येते का, बाळाचे वजन झाले का, एवढे विचारायला आपल्याला फारसा वेळ लागत नाही. शहरातल्या वस्त्यांतही आशा फिरतात. आपल्या वॉर्डातल्या आशाताईंचे नाव आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? ओवाळणीच्या ताटात पडणारे पाकीट तिला नको आहे. तिला तिच्या कामाचे दाम हवे आहे, आणि महिनाअखेरीस ते मागावे लागू नये एवढीच तिची अपेक्षा आहे.

या दिवाळीतही मराठवाड्यातल्या कुठल्यातरी वाडीवर भाऊबीजेचा दिवस नेमका एखाद्या बाळाचा सातवा दिवस असेल. माहेरी निघालेली एक बाई आधी काटा आणि झोळी घेऊन त्या घरी जाईल, हात धुईल, घड्याळ समोर धरील आणि मिनिटभर श्वास मोजील. मगच तिची एस. टी. सुटेल.